उमेदवारी : आधी कुठे केलीत?

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडवणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत एका फाटकावर दोन कागद शेजारी-शेजारी चिकटलेले दिसले. एकावर लिहिले होते, ‘शिकाऊ उमेदवार पाहिजेत’. दुसरा जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीतला, निम्मा फाटलेला : ‘आपले अधिकृत उमेदवार’. एकाला यंत्रावर हात बसवायचा, दुसऱ्याला सभागृहात जाऊन बसायचे. मग दोघांचे नाव एक कसे? त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे.

शब्द फारसी, इथवर वाद नाही. उमेद म्हणजे आशा. आजचा इराणी ‘ओमीद’ म्हणतो, हिंदीत ‘उम्मीद’ रुळले. मराठीने मात्र जुन्या फारसीतला ‘ए’ सोडला नाही. जोधपूरच्या उम्मेद भवनातही तोच ‘ए’ नांदतो. म्हणजे मीरा-भाईंदरचा मराठी माणूस आणि त्याचा मारवाडी शेजारी या एका स्वरापुरते तरी सख्खे भाऊ ठरतात.

खरे भांडण आहे ते ‘वार’चे. फौजदार, जमादार, तक्रारदार यांच्या चालीवर ‘उमेददार’ का झाला नाही? एक पक्ष सांगतो, हा ‘वार’ सादृश्याचा किंवा योग्यतेचा प्रत्यय. ‘शाहवार’ म्हणजे राजाला शोभेल असा, तसा हा. दुसरा पक्ष त्याला ‘नामवर’मधल्या ‘वर’चा लांबवलेला अवतार मानतो, आणि त्या ‘वर’चे मूळ वाहणे, धारण करणे या अर्थाच्या धातूत, आपल्या संस्कृत ‘भृ’च्या भावकीत. मी दुसऱ्या पक्षाचा. ‘सोगवार’ म्हणजे काही शोकासारखा माणूस नव्हे, शोक वागवणारा माणूस. उमेदवारही तसाच, आशेचे ओझे वाहणारा.

हे ओझे आधी कचेरीत वाहिले गेले. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत उमेदवार बिनपगारी कारकुनी करी आणि जागा रिकामी होण्याची वाट बघे. वकिलाकडे, वैद्याकडे, गवयाकडेही उमेदवारी होई. ‘बारा वर्षे बुवांकडे उमेदवारी केली’ या वाक्यात मतपेटीचा वासही नाही. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याचे मराठी झाले तेव्हा ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून हाच शब्द कामी आला.

यावर एक आक्षेप ठरलेला : निवडणुकीतला उमेदवार कचेरीतून आलाच नाही, तो सरकारी हिंदुस्तानीतून थेट उतरला. असेल. पण हिंदीत ‘उम्मीद’ बहुधा दुसऱ्याकडून केलेली अपेक्षा असते, तर मराठीत ‘उमेदीची वर्षे’ म्हणजे अंगात धमक असलेली वर्षे. आपली उमेद खचते, तीही आतून. शब्द थेट उतरला असता तर हा घाम त्याच्या अंगाला कुठून लागला असता? इंग्रजी ‘कँडिडेट’चे कूळ पाहा : रोममध्ये मते मागणारा खडूने पांढरा केलेला झगा घाली, त्या ‘कँडिडा’वरून. त्यांनी नाव कपड्यावरून ठेवले, आपण कष्टांवरून. पुढे आपल्या पुढाऱ्यांनी पांढरी खादी घालून रोमशीही नाते जोडले, तो भाग निराळा.

आता ही उमेदवारी देतो कोण? अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९०३ साली प्रायमरीचा कायदा केला आणि पक्षाचा उमेदवार ठरवण्याचे काम मतदारांकडे आले. आपल्याकडे ‘इच्छुकांच्या मुलाखती’ होतात आणि १९६८च्या चिन्हविषयक आदेशातून आलेला एबी फॉर्म निकाल लावतो. ए फॉर्म सांगतो सही कुणाची चालेल; बी फॉर्म सांगतो उमेदवार कोण. मतदाराच्या सहीला दोन्हींत जागा नाही. काँग्रेसने २०१४मध्ये लोकसभेच्या काही जागांवर, आपल्याकडे लातूर आणि वर्ध्यात, कार्यकर्त्यांचे मतदान घेऊन पाहिले. ती प्रथा रुजली नाही.

तरीही मीरा-भाईंदरमध्ये एक प्रायमरी झाली, असा माझा लाडका सिद्धांत आहे. तारीख २१ ऑक्टोबर २०१९. भाजपने विधानसभेची उमेदवारी तेव्हाचे आमदार नरेंद्र मेहता यांना दिली. त्याच पक्षाच्या माजी महापौर गीता जैन यांनी ती मागितली होती. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. वर्तमानपत्रांच्या भाषेत ही बंडखोरी. मला दिसते ते एवढेच की, जो प्रश्न पक्षाने बंद दाराआड सोडवला होता, तो मतदारांनी मतदानाच्या दिवशी पुन्हा उघडला. २०२४मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, पुन्हा एक पक्षाचा आणि एक अपक्ष. या वेळी मेहता जिंकले. म्हणजे फेरतपासणीही झाली! याला प्रायमरी म्हणणे ओढूनताणून आहे, हे मान्य. विरोधी पक्षांची मते त्यात मिसळलेली, आणि काँग्रेसचा उमेदवारही रिंगणात होताच. पण आतल्या निवडीला बाहेरून जाब विचारण्याची दुसरी सोय इथल्या मतदाराला होती कुठे?

महापालिकेत तर बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची. चारही एकाच चिन्हावर दाबायची की माणूस पाहून, हा घोळ घराघरात असतो. माझ्यापुरता तो त्या फाटकावरच्या ‘शिकाऊ उमेदवार’वाल्या कागदाने सोडवला आहे. हात जोडून कोणी दारात आले, की पक्ष नंतर विचारा. आधी विचारा, ‘उमेदवारी कुठे केलीत? किती वर्षे?’