अणुकेंद्रकाची बंधनऊर्जा आणि काकरापार

सुरत म्हटले की मोगलकालीन बंदर आणि शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या मराठी वाचकांस आठवतात. त्याच तापीच्या काठी, शहरापासून सुमारे ८० कि.मी. अंतरावर काकरापारचे अणुविद्युत केंद्र आहे. त्याची पहिली २२० मेगावॅटची अणुभट्टी मे १९९३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, तेव्हा हा भाग सुरत जिल्ह्यातच होता. २००७ मध्ये तापी जिल्हा वेगळा झाला.

या केंद्राचे मूळ एका किरकोळ भासणाऱ्या तफावतीत आहे. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका भरतो, हे अ‍ॅस्टनच्या मोजमापांतून १९२० च्या सुमारास दिसून आले. हरवलेले वस्तुमान म्हणजेच केंद्रकातील कणांना एकत्र बांधणारी ऊर्जा होय. लोखंड व निकेल यांच्या केंद्रकांत ती दर कणामागे सुमारे ८.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर युरेनियममध्ये ७.६ इतकीच असते. युरेनियम दुभंगल्यावर होणाऱ्या तुकड्यांत ती ८.५ च्या आसपास जाते. हा ०.९ चा फरक २३५ कणांनी गुणिला असता सुमारे २०० दशलक्ष येतात. कोळशातील कार्बनचा एक अणू जळून जेमतेम चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात! १९३८ च्या अखेरीस हा हिशेब प्रथम मांडला तो नाझी जर्मनीतून परागंदा होऊन स्वीडनमध्ये राहिलेल्या लीझे माइटनर आणि त्यांचे भाचे फ्रिश यांनी.

मात्र हे तुकडे स्वतः स्थिर नसतात. त्यांत न्यूट्रॉन अधिक असल्याने ते किरणोत्सर्ग करीत राहतात. विखंडन थांबविल्यावरही सुरुवातीस मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, ती कोणत्याही कळीने बंद करता येत नाही. म्हणून शीतकाचा पुरवठा अखंड हवा. जून १९९४ च्या अतिवृष्टीत काकरापारच्या टर्बाइन इमारतीत पाणी शिरले, तेव्हा अणुभट्टी काही महिने बंद होती, म्हणून निभावले. ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमा दुर्घटनेला बरोबर पाच वर्षे होत असताना, पहिल्या भट्टीतील शीतकनलिकेला गळती लागली व भट्टी बंद करावी लागली. पुढे सर्व नलिका बदलून ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. येथेच ७०० मेगावॅटची स्वदेशी बनावटीची तिसरी भट्टी जून २०२३ मध्ये आणि चौथी मार्च २०२४ मध्ये व्यापारी उत्पादन देऊ लागली.