रिझाइन, इस्तिफा आणि राजीनामा

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बी.एड. झाली आहे, एका खाजगी शाळेत नेमणूक मिळते आहे म्हणाली. "सर, इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आहेत, तेवढं व्याकरण तपासून द्या." मोबाइलवर कागद उघडला तर तो राजीनामा होता. रुजू होण्याआधीच! 'आय रिझाइन' लिहू की 'आय अ‍ॅम रिझाइनिंग', एवढीच तिची शंका. दोन्ही चालतं. मात्र तारखेची जागा कोरी होती. संस्थेनेच तसं सांगितलं होतं.

हे क्रियापद आपण रोज वापरतो. 'त्याने रिझाइन केलं', 'ती रिझाइन देणार आहे'. व्याकरण शिकवताना मी मुलांना एक गोष्ट सांगतो. काढून टाकणारा मालक असतो, पण रिझाइन करणारा नेहमी नोकरी करणाराच असतो. आपल्या वतीने दुसरा कुणी ते करू शकत नाही. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ मोहोर काढणे, रद्द करणे असा होता. म्हणजे ज्याची मोहोर, त्यानेच ती काढायची.

उर्दूत आपण 'इस्तिफा' म्हणतो. तो अरबी शब्द आहे आणि 'माफ' ज्या धातूपासून आला त्याच धातूचा आहे. इस्तिफा म्हणजे मला या कामातून माफ करा, मोकळं करा अशी विनंती.

आणि मराठीतला 'राजीनामा'? तो फारसीतून आला, पण उर्दूवाल्याला तो पहिल्यांदा चकवतो. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड, कोर्टाबाहेर मिटलेल्या भांडणाचा कागद. मराठीत त्याचा अर्थ पद सोडणं कसा झाला? याचा एक धागा जमिनीच्या दप्तरात सापडतो. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा शेतकरी सरकारला राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. मी राजीखुशीने सोडतो, मी कबूल करून घेतो. राजी आणि कबूल, आपल्या निकाहातलेच दोन शब्द! जमीन सोडण्याचा हा कागद पुढे नोकरी सोडण्याचाही कागद झाला असावा. गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही हा शब्द पद सोडण्यासाठीच वापरतात.

इस्लामच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकाच घटनेत भेटतात. इसवी सन ६६१ मध्ये इमाम हसन (रजि.) यांनी मुसलमानांचं आपसातलं रक्त सांडू नये म्हणून अमीर मुआविया यांच्याशी समझोता केला आणि खिलाफत सोडली. उर्दूचा राजीनामा आणि मराठीचाही. नावापुढे आपण जे 'रजि.' लिहितो, तेही याच 'रजा' धातूचं. अल्लाह त्यांच्यावर राजी असो.

आपल्या देशातही असे राजीनामे झाले. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. कारणं वेगवेगळी, पण तिघांनीही स्वतःच्या मनाने सही केली. म्हणून ते राजीनामे आजही लोकांच्या लक्षात आहेत.

आता माझं सांगतो. बी.एड. झाल्यावर पहिल्याच नोकरीत मीही असाच एक कोरा राजीनामा लिहून दिला होता. "सगळेच देतात, फॉर्मॅलिटी आहे," असं कारकून म्हणाले. तीन वर्षं झाली आणि एका शनिवारी शाळा सुटताना मला सांगण्यात आलं, तुमचा राजीनामा मंजूर झाला आहे. अक्षर माझं, सही माझी, फक्त तारीख दुसऱ्याच्या हातची. घरी अब्बांनी विचारलं, "नोकरी का सोडलीस?" मी सोडली नव्हती. पण कागद तसं म्हणत होता आणि कागदापुढे मला काही बोलता येईना. बायकोलाही तो कागद मी आधीच लिहून दिला होता, हे सांगायला मला आठवडा लागला.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या कायद्यातलं कलम ७ याच विषयावर आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असं ते सांगतं. तारीख घालायची ती राजीनामा देणाऱ्याने, हे त्यात स्पष्ट आहे. कोऱ्या कागदांचा हा खेळ कायदा करणाऱ्यांना ठाऊक असणार.

मी त्या मुलीला हे कलम पाठवलं आणि माझी हकीकतही सांगितली. ती म्हणाली, "सर, मी नाही दिलं तर दुसरी देईल." ती चुकीचं बोलत नव्हती. मी एवढंच म्हणालो, "बेटा, व्याकरण बरोबर आहे. पण या वाक्यातली 'मी' तू नाहीस. असा कागद देऊ नकोस." तिने घरी विचारून सांगते म्हणून फोन ठेवला.

हे वाचणाऱ्यांत कुणी संस्थाचालक असतील, तर त्यांना हात जोडून विनंती. शिक्षक नको असेल तर कायद्याने काढा, त्याला कारण सांगा. त्याच्या हातून त्याच्याच नावाने खोटं लिहून घेऊ नका. ज्यात कुणी राजी नाही, त्याला राजीनामा म्हणू नये.