निगेटिव्ह कोणाची?

सकाळी वर्तमानपत्र उघडले की आपली नजर आधी चित्राकडे जाते, मग मथळ्याकडे, आणि वेळ उरलाच तर मजकुराकडे. पुढाऱ्याचे भाषण वाचले नाही तरी त्याने उगारलेले बोट ध्यानात राहते. नटीचा बोलपट पाहिला नाही तरी तिचा चेहरा ओळखीचा असतो. हे सारे आपणांस दाखविणारा माणूस त्या चित्रात कोठेच नसतो. तो कॅमेऱ्याच्या मागे उभा असतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव विचारण्याची आपल्या समाजाला फारशी सवय नाही.

श्रोतेहो, मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. छायाप्रकाशाची मीमांसा जाणकारांनी करावी. तो माझा प्रांत नव्हे. पण कोणत्याही धंद्याविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय मला जडली आहे. कामावर नाव कोणाचे लागते? मजुरी कोणत्या हिशेबाने मिळते? आणि तयार झालेला माल कोणाचा? गिरणीतल्या विणकराला तिसरा प्रश्न पडत नाही, कारण कापड मालकाचे हे त्याने केव्हाच मान्य केलेले असते. वृत्तछायाचित्रकाराचे तसे नाही. त्याचा सारा इतिहास या तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरला आहे.

धंदा तसा अर्वाचीन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून ते मजकुराबरोबर छापण्याची हाफटोनची युक्ती छापखान्यांच्या हाती आली आणि लाकडावर चित्रे कोरणाऱ्या कारागिराची गरज हळूहळू संपली. एक कारागीर गेला, दुसरा आला. या दुसऱ्याच्या खांद्यावर आरंभी अवजड कॅमेरा आणि काचांचे ओझे होते. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या लाइट्स कंपनीने 'लायका' हा छोटा कॅमेरा मांडला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म, एका गुंडाळीत ३६ चित्रे, आणि कोटाच्या खिशात मावेल एवढे यंत्र. पुढे १९३६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'लाइफ' हे सचित्र साप्ताहिक निघाले. यंत्र आले, बाजार आला. आता हवा होता तो राबणारा हात. हा हात कसा घडला ते दोन माणसांच्या चरित्रांवरून पाहू. दोघेही १९१३ साली जन्मले. एक ऑक्टोबरात बुडापेस्टला, दुसरी डिसेंबरात नवसारीला.

बुडापेस्टचा मुलगा म्हणजे एन्द्रे फ्रीडमन. ज्यू घराण्यातला, १९३१ साली देश सोडून बर्लिनला गेला आणि हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली पॅरिसला पळाला. तेथे त्याला गेर्डा नावाची, त्याच्यासारखीच जर्मनीतून परागंदा झालेली तरुणी भेटली. निर्वासित पोराच्या फोटोला पॅरिसचे संपादक भाव देईनात. तेव्हा १९३६ साली या दोघांनी एक शक्कल काढली. रॉबर्ट कापा नावाचा एक नामांकित अमेरिकन छायाचित्रकार आहे अशी थाप मारून ते आपली चित्रे त्याच्या नावावर जास्त दराने विकू लागले. असा माणूस जगात नव्हता, पण त्याच्या नावाला दर होता. पुढे फ्रीडमन स्वतःच कापा झाला. गेर्डाने टारो हे आडनाव घेतले. १९३७ च्या जुलैत स्पेनच्या यादवी युद्धात ब्रुनेतेच्या पिछेहाटीत रणगाड्याच्या धक्क्याने ती जबर जखमी झाली आणि दुसऱ्या दिवशी मरण पावली. तिला २७ वर्षे पुरी व्हायची होती. मरणानंतर तिची कित्येक चित्रे कापाच्या नावाखाली जमा झाली. २००७ साली मेक्सिकोहून तीन पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांत कापा, टारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सिमूर ऊर्फ चिम यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह होत्या. त्या जुळवून पाहिल्यावर कोणते चित्र गेर्डाचे, हे ७० वर्षांनी ठरविता आले. निगेटिव्ह ही कारागिराची साक्ष असते, ती अशी.

आता नवसारीच्या मुलीकडे वळू. होमाई व्यारावाला यांचे वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीतले नट. मुलगी मुंबईस जे. जे. कलाशाळेत शिकली, आणि फोटो काढायला शिकली माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, जे पुढे तिचे पती झाले. १९३८ च्या सुमारास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये तिची पहिली चित्रे छापून आली. विषय होता बायकांच्या सहलीचा, आणि मोबदला दर चित्रामागे एक रुपया. नंतर 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'मध्ये चित्रे येऊ लागली, पण ती नवऱ्याच्या नावाने. बाई, त्यातही अपरिचित. तिच्या नावाला कोण विचारतो! पॅरिसमध्ये दर मिळावा म्हणून एक नाव निर्माण केले गेले. मुंबईत चित्र छापून यावे म्हणून एक नाव झाकले गेले. दोन शहरे, दोन समाज. बाजाराची रीत मात्र एकच.

१९४२ साली व्यारावाला दांपत्य दिल्लीस गेले आणि होमाईंना ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी मिळाली. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन, सायकलवर त्या राजधानीत हिंडल्या. फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या बैठकीत झालेले मतदान, १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर चढलेला ध्वज, १९५६ साली सिक्कीमच्या वाटेने भारतात येणारे दलाई लामा, हे सारे त्यांनी टिपले. त्याचबरोबर मेजवान्या, नृत्ये, समारंभ यांचीही चित्रे त्यांनी काढली. 'डालडा १३' हे त्यांचे टोपणनाव वाचकांच्या ओळखीचे झाले. त्यांच्या मोटारीचा क्रमांक डी.एल.डी. १३ होता, त्यावरून ते आले. आपल्या गावच्या कोणत्याही फोटोवाल्याला विचारा, तो सांगेल की बातमीने नाव होते आणि लग्नमुंजींनी चूल पेटते. राजधानीतल्या छायाचित्रकाराचाही संसार याच दोन चाकांवर चालत असे.

या काळी कायदा काय म्हणत होता? इंग्रजांचा १९११ चा कॉपीराइट कायदा १९१४ च्या कायद्याने हिंदुस्थानास लागू झाला होता. त्यात छायाचित्राचा कर्ता कोण याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. मूळ निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी तिचा जो मालक, तोच चित्राचा कर्ता! डोळा कोणाचा, जोखीम कोणाची, हे कायद्याने विचारले नाही. फिल्म कोणाच्या पैशाची एवढेच विचारले. विणकराला मागावर बसवून कापडावर सुताच्या व्यापाऱ्याने सही करावी, तसलाच हा न्याय.

या न्यायाला पहिले संघटित उत्तर १९४७ साली मिळाले. कापा, चिम, फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ, इंग्लंडचे जॉर्ज रॉजर आणि अमेरिकेचे विल्यम वँडिव्हर्ट यांनी 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. तिचे मर्म साधे होते. चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहावा. साप्ताहिकाने छापण्यापुरता मोबदला द्यावा. एकच चित्र देशोदेशींच्या पत्रांना पुन्हा विकता यावे. आणि संस्थेने कचेरीच्या खर्चापुरता वाटा कापून बाकीची रक्कम सभासदाच्या हाती ठेवावी. महाराष्ट्रात सहकाराची महती सांगण्याचे कारण नाही. ऊस ज्याचा, कारखान्यात भागही त्याचा, हे आपण पाहिले आहे. मॅग्नमने निगेटिव्हच्या बाबतीत तेच केले.

या फरकाचा अर्थ कळण्यासाठी दिल्लीतला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. ३१ जानेवारी १९४८, महात्माजींची अंत्ययात्रा. त्या जनसागरात 'लाइफ'च्या पगारी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट होत्या, आदल्याच दिवशी गांधीजींना भेटून आलेले मॅग्नमचे कार्तिए-ब्रेसाँ होते, आणि होमाई व्यारावाला होत्या. तिघांपुढे शोक एकच, चिता एकच. पण एकीच्या चित्रांवर साप्ताहिकाची मालकी, दुसऱ्याच्या चित्रांवर त्याची स्वतःची, आणि तिसरी नोकरी सांभाळून आपली वाट काढणारी. कौशल्याने तिघेही थोर. पुढच्या पन्नास वर्षांत त्या चित्रांचे पैसे आणि निर्णय कोणाच्या हाती राहतील, हे मात्र कौशल्याने ठरले नाही, कराराने ठरले.

करमणुकीच्या क्षेत्रात हा फरक अधिकच उघडा पडतो. १९६० साली अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात 'द मिसफिट्स' या बोलपटाचे चित्रीकरण चालले होते. मेरिलिन मन्रो आणि क्लार्क गेबल या दोघांचाही तो पुरा झालेला अखेरचा बोलपट. तेथे छायाचित्रे काढण्याचा खास हक्क मॅग्नमने मिळविला आणि नऊ छायाचित्रकार पाळीपाळीने पाठविले. इव्ह अर्नोल्ड, इंगे मोराथ, कार्तिए-ब्रेसाँ त्यांत होते. जो हात युद्धभूमीवर चालतो तोच नटीच्या रंगपटात चालला, आणि तेथेही अदबीने चालला. कारण चित्र आपले आहे, उद्याही आपल्याच नावावर राहणार आहे, याची जाण त्या हाताला होती.

त्याच वर्षी रोममध्ये फेलिनीचा 'ला दोल्चे व्हिता' हा बोलपट झळकला. त्यातल्या पापाराझ्झो नावाच्या फोटोवाल्यावरून नटनट्यांच्या मागे लागणाऱ्या सगळ्या फोटोवाल्यांना 'पापाराझ्झी' हे नाव पडले. या मंडळींना आपण नावे ठेवतो, ती काही अंशी योग्यही आहेत. पण मजुरीचा हिशेब पाहा. महिना पगार नाही, नगावर पैसे. साध्या चित्राला कवडी, आणि नट चिडून अंगावर धावला तर त्या चित्राला सोने. नगावर मजुरी लावली की कामगार यंत्राचे संरक्षक झाकण काढून ठेवतो, हे आम्ही कारखान्यात पाहिले आहे. येथे सभ्यता हेच ते झाकण होते. माणूस वाईट म्हणून दर असा पडला नाही. दर असा पडला म्हणून माणसाला वाईट वागणे परवडू लागले. १९६९ साली माणेकशा वारले आणि पुढच्याच वर्षी होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. छायाचित्रकारांनी आपल्यापुरते पाळलेले वागणुकीचे नियम आता उरले नाहीत, असे त्यांनी मागाहून सांगितले.

आपल्या देशात कायदा जागेवर राहिला नव्हता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली वृत्तपत्र आयोग नेमला गेला, १९५४ साली त्याचा अहवाल आला, आणि १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. पत्रकारांच्या संघटनेची मागणी त्यामागे होती. त्या कायद्यातील 'श्रमिक पत्रकार' या शब्दाच्या व्याख्येत संपादक आणि बातमीदार यांच्या पंगतीला वृत्तछायाचित्रकार हा शब्द आला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही, ही मर्यादा त्यालाही लागू झाली. फोटोवाला पत्रकार आहे, हे सरकारी कागदावर उमटले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने निगेटिव्हच्या मालकाला कर्तेपदावरून उतरविले आणि चित्र काढणाऱ्याला त्या जागी बसविले. पत्राच्या नोकराने काढलेल्या चित्राचा प्रसिद्धीचा हक्क मालकाचा, बाकीचे हक्क काढणाऱ्याचे, अशी वाटणीही त्याने केली. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राला हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळाले.

मग दुखणे कोठे उरले? एका छोट्या वाक्यांशात : 'उलट करार नसेल तर'. कायद्याने दिलेले सारे, करारातल्या एका ओळीने परत घेता येते. आणि ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही तो ती ओळ न वाचताच सही करतो. शिवाय १९५५ च्या कायद्याचे छत्र नोकरांवर होते. नोकरच कंत्राटी झाला की छत्र नुसते भिंतीला टांगलेले राहते. तो कायदाही २०२० च्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला. परदेशातही सुख नाही. २०१३ च्या मे महिन्यात शिकागोच्या 'सन-टाइम्स'ने आपले सगळेच्या सगळे २८ पगारी छायाचित्रकार एका दिवसात काढून टाकले. पुलित्झर पारितोषिक मिळविणारे जॉन व्हाइट त्यांत होते. बातमीदारांनीच फोनवर चित्रे काढावीत, असा हिशेब झाला. संघटना लढली तेव्हा चौघे परत घेतले गेले. चार हा आकडा लहान आहे, पण संघटना नसती तर तो शून्य असता.

होमाईबाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. २०१२ च्या जानेवारीत बडोद्यास त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह आता दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे आहे. नवऱ्याच्या नावामागे झाकलेली चित्रे अखेर त्यांच्या स्वतःच्या नावाने पाहता येतात. पण चाळीस वर्षे विस्मृतीत काढल्यावर येणारा मान हा कोणत्याही धंद्याचा वेतनक्रम होऊ शकत नाही.

आपल्या गावातली किती तरी मुले आज गळ्यात कॅमेरा अडकवून मिरवणुकीत, सभेत, नाटकाच्या रंगपटात धावताना दिसतात. त्यांपैकी कोणाचे वडील, काका येथे बसले असतील, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलाला चांगले यंत्र घेऊन द्या, उस्तादाकडे शिकू द्या. पण पहिल्या कामाच्या आधी तीन गोष्टी कागदावर घेण्यास शिकवा. चित्राखाली माझे नाव येईल काय? दर किती, आणि पुन्हा छापल्यास किती? मूळ चित्र कोणाकडे राहील? निगेटिव्हच्या जागी आता संगणकातील मूळ फाइल आली आहे. प्रश्न तोच आहे. आणि ज्यांच्या घरी असा मुलगा नाही त्यांनीही उद्या वर्तमानपत्र उघडताना चित्राखालची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे नाव नसेल तर संपादकाला एक पोस्टकार्ड टाकावे. नाव विचारणारा वाचक असला की नाव छापणारा संपादक तयार होतो, आणि नाव छापून आलेल्या कामगाराला आपला हक्क मागताना आवाज थोडा मोठा काढता येतो.