अर्थवाही जाळे : कल्पना आणि परिणती

१९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे मांडलेल्या योजनेतून विश्वव्यापी जाळे उदयास आले. त्याने दस्तऐवज परस्परांस जोडले. परंतु त्यांतील मजकुराचा अर्थ यंत्रास अगम्यच राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘आरडीएफ’ पद्धतीची शिफारस केली. तीत प्रत्येक विधान उद्देश्य, संबंध व कर्म या तीन घटकांत मांडावयाचे असते. २००१ मध्ये बर्नर्स-ली, हेंडलर व लासिला यांनी अर्थवाही जाळ्याची कल्पना विस्ताराने मांडली. विधानाचा साचा ठरविणे सोपे होते. शब्दार्थांविषयी मतैक्य घडविणे मात्र दुष्कर ठरले. अखेर २०११ मध्ये मोठ्या शोधयंत्रांच्या कंपन्यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही समाईक शब्दसूची पुढे केली. भाषेत अर्थनिश्चितीचा अधिकार लोकव्यवहाराकडे असतो. येथे तो बव्हंशी शोधयंत्रांच्या चालकांकडे गेला.