फ्री म्हणजे 'ग्रातिस' की 'लिब्रे'?

आजचा एपिसोड एका छोट्याशा इंग्रजी शब्दाचा इतिहास आहे. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या एका ॲपवर काम करत होतो. त्यात 'फ्री' दोन ठिकाणी होतं: बिनपैशाच्या प्लॅनवर आणि रिकाम्या वेळेवर. शब्द तोच, म्हणून मी दोन्हीकडे एकच स्ट्रिंग वापरली. स्पॅनिश भाषांतर करणाऱ्या बाईंना यादीत नुसताच 'फ्री' दिसला. त्यांनी लिहिलं, 'ग्रातिस'. झालं! मंगळवारी साडेदहाची वेळ स्पॅनिशमध्ये चक्क मोफत झाली. एक आजी पैसे न आणता दवाखान्यात पोचल्या आणि तपासणी न होताच परत गेल्या.

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. स्पॅनिशमध्ये 'ग्रातिस' म्हणजे पैसे न पडणारं आणि 'लिब्रे' म्हणजे मुक्त, मोकळं. स्पेनमध्ये रिकाम्या टॅक्सीवर 'लिब्रे' लिहिलेलं असतं; म्हणून कोणी फुकट बसवत नाही. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, स्पॅनिशला आधी ठरवावं लागतं.

हाच घोळ सॉफ्टवेअरच्या इतिहासात पार वरपर्यंत गेलाय. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं जीएनयू प्रकल्प जाहीर केला. 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे वापरायचं, वाचायचं, बदलायचं आणि वाटायचं स्वातंत्र्य. लोकांनी ऐकलं 'फुकट'. जीएनयूच्या जाहीरनाम्यात नंतर त्यानं तळटीप घालून कबूल केलं, की आपली शब्दयोजना निष्काळजी होती. १९९८ मध्ये काही मंडळींनी तो शब्दच बाजूला ठेवून 'ओपन सोर्स' हे नवं नाव काढलं. त्यामागं एक कारण हा गोंधळही होता.

स्पॅनिशमध्ये ही अडचण आलीच नाही. तिथं सरळ 'सॉफ्टवेअर लिब्रे' म्हणतात. २००२ मध्ये पेरूच्या संसदेसमोर सरकारी कचेऱ्यांनी असंच सॉफ्टवेअर वापरावं, असं विधेयक होतं. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या प्रमुखांनी आक्षेपाचं पत्र पाठवलं. खासदार एडगर विलानुएवा यांनी सविस्तर उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा: प्रश्न फुकट मिळण्याचा नाहीच, नागरिकांची माहिती नागरिकांना कायम वाचता यावी, ती कुठल्या एका विक्रेत्यावर अवलंबून नसावी, आणि सुरक्षित असावी. इंग्रजीत हेच मांडायला आधी शब्दाचा खुलासा करत बसावं लागतं.

पुढं २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेल्या सॉफ्टवेअरचं नाव काय ठेवलं? लिब्रेऑफिस. म्हणजे इंग्रजीनंच शब्द उसना घेतला.

आपणही श्रीमंतच आहोत बरं का: मुक्त, मोकळा, मोफत, फुकट. तरी आपण सगळीकडे 'फ्री' म्हणतो, आणि फ्री ॲपमध्ये आपण नक्की काय देतोय, हे विचारायचं राहून जातं.

शेवटी एक गंमत. आम्ही भाषांतरासाठी वापरत होतो ते गेटटेक्स्ट हे साधन त्याच जीएनयू प्रकल्पातलं. त्यात प्रत्येक शब्दासोबत संदर्भ लिहायची सोय आहे. ती जागा मी रिकामी सोडली होती. आता तिथं लिहिलंय: "डॉक्टर मोकळे आहेत. फी लागेल."

भेटू पुढच्या भागात!