जुना संगणक आणि अखंड पाठ

कोरपना तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजच्या तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत राजुऱ्याचा हा सारा मुलूख हैदराबादकडील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. तेथून तो आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. माणसांची बोलणी मात्र अशा फेरफारांनी बदलत नाहीत. गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने उभे राहिले, रस्त्यांवरून अवजड ट्रक धावू लागले, तरी आठवडी बाजारात तेलुगूमिश्रित मराठी, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी एकाच वेळी कानी पडतात. यांतील कोलामी ही २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २८ हजार लोकांची भाषा. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन समाजांना शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदले आहे. लिखित साहित्य जवळजवळ नाही; जे आहे ते सत्तरी ओलांडलेल्या गळ्यांत आहे.

अशा ठिकाणी ते जतन करू पाहणारा माणूस बहुधा शाळामास्तर असतो, महाविद्यालयातला अध्यापक असतो, नाहीतर एम.ए.चा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी. त्याच्याजवळ ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ नसतो. एखादा दहा-बारा वर्षे वापरलेला संगणक, एक मायक्रोफोन आणि घरातली मागची खोली, एवढेच साधन. हा संगणक तासभर न अडखळता आवाज टिपू शकतो का, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञाचा वाटतो. माझ्या मते तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपला, म्हणजे साहित्याच्या लोकांचा आहे.

पाठचिकित्सा शिकविताना आपण हस्तलिखितांतील गाळलेल्या ओळींविषयी बोलतो. लेखनिकाची नजर एका शब्दावरून पुढच्या सारख्याच शब्दावर घसरते आणि मधले चरण नाहीसे होतात. ‘लीळाचरित्रा’ची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. मूळ प्रत हातची गेल्यावर महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, आणि हे करताना कोणता पाठ कोणाच्या आठवणीतला, हे ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. एकनाथांनी शके १५०६मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तीही पाठ बिघडल्याचे त्यांना दिसले म्हणूनच. मौखिक साहित्यात मात्र जो पहिला ‘लेखनिक’ भेटतो, तो यंत्र असतो. त्याची नजर कुठे घसरते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या यंत्र-लेखनिकाचा इतिहास आपल्या देशात शंभर वर्षांहून जुना आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली आला आणि गोंडी-कोलामीचा समावेश असलेला मुंडा व द्राविडी भाषांचा खंड १९०६ साली. त्यानंतर १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतून बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट भाषकाकडून म्हणवून घ्यायची, आणि जोडीला एखादी स्थानिक कथा वा गीत. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. त्यामुळे आज त्या तबकड्या ऐकताना जे कानी येते ते बोलणे कमी आणि आटोपशीर पठण अधिक आहे. साधनाची लांबी हीच पाठाची लांबी झाली.

म्हणूनच की काय, पुढची दोन-तीन दशके आपल्या भागातील खरे काम वही-पेन्सिलीनेच झाले. मरे एमेनो १९३५ ते १९३८ या वर्षांत भारतात होते. वर्ध्याकडच्या कोलामीवरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात आदिलाबादेतील राजगोंडांमध्ये राहून त्यांच्या पुराणकथा टिपल्या, त्या १९४८च्या पुस्तकात आहेत. मराठी वाचक ज्यांना शिवकालाचे आणि फार्सी साधनांचे अभ्यासक म्हणून ओळखतात, त्या सेतुमाधवराव पगडींनी हैदराबादच्या सेवेत असताना गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. (पगडींचे हे काम मराठीच्या अभ्यासक्रमात कुठेही दिसत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.) परंतु हाताने लिहून घेताना सांगणाऱ्याला थांबवावे लागते. राजगोंडांचे परधान किकरीच्या साथीने वंशकथा गातात, तेव्हा ते रात्र-रात्र चालते. त्यांना प्रत्येक ओळीला थांबवले तर कथा मिळेल. गायन मिळणार नाही.

टेपरेकॉर्डरने हे बंधन सैल केले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटे चाले, नंतर ती उलटावी लागे. मराठीत या साधनांचे सर्वांत मोठे फळ म्हणजे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. १९९०च्या दशकात फ्रान्सचे संगीत-संगणनतज्ज्ञ बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले; त्यातून ओव्यांचा संगणकीय कोश आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण सिद्ध झाले. लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी शेजारी ठेवली की छंदाविषयीचे आपले कितीतरी समज तपासून घ्यावे लागतात. लिहिताना गळणारे आलाप, पुनरावृत्ती, जात्याच्या फेऱ्यांबरोबर येणारे थांबे हे सारे फक्त ध्वनीतच आहे.

पुढे त्याच दशकाच्या अखेरीस घरगुती संगणक स्वतःच ध्वनिमुद्रक झाला. ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली २०००मध्ये आली आणि साध्या माणसाच्या हाती संपादनाचे टेबल आले. परंतु टेप आणि संगणक यांत एक मूलभूत फरक आहे. टेपची मोटर दुसरे काही करीत नाही. संगणक मात्र एकाच वेळी शंभर कामे करतो, आणि ध्वनिमुद्रण हे त्यांपैकी एक असते.

ते कसे, हे थोडे समजून घ्यायला हवे. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाची सेकंदाला ४८ हजार मापे घेतली जातात. ही मापे एकेक करून डिस्कवर जात नाहीत. आधी ती ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरतात. नळाखाली घागर ठेवावी तसे हे आहे. घागर भरली की कोणीतरी ती उचलून रिकामी लावायची. उचलणारा वेळेवर आला तर थेंबही सांडत नाही. पण तो त्या क्षणी दुसऱ्या कामात अडकला असेल, म्हणजे विषाणूरोधक आज्ञावली डिस्क तपासत असेल, वाय-फाय नवे जाळे शोधत असेल, किंवा आपोआप होणारे अद्ययावतीकरण सुरू झाले असेल, तर तेवढे पाणी वाहून जाते. १०२४ मापांची घागर म्हणजे २१ मिलिसेकंद. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. ‘ट’ किंवा ‘प’ उच्चारताना ओठ वा जीभ सुटण्याचा जो स्फोट होतो, तो साधारण याच मापाचा किंवा याहून छोटा असतो. म्हणजे एक सांडलेली घागर एक व्यंजन नेऊ शकते. कधी ‘टक्’ असा आवाज येतो आणि आपल्याला कळते. कधी दोन तुकडे इतके बेमालूम जुळतात की काहीच कळत नाही. गोंडी-कोलामीत स्वराचे ऱ्हस्व-दीर्घत्व अर्थ बदलते. अशा भाषेचा व्याकरणकार उद्या त्या फाइलवरून स्वर मोजू लागला, तर यंत्राने केलेला ऱ्हस्व तो गायकाच्या नावावर लिहील.

जुन्या संगणकावर हा धोका अधिक, पण तो बऱ्याच अंशी टाळता येतो. संगीतकारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात बफर लहानात लहान ठेवा असे सांगितलेले असते. त्यांना स्वतःचा आवाज परिणामांसह तत्काळ कानात हवा असतो, म्हणून ते योग्यच आहे. आपले काम निराळे आहे. समोर बसलेल्या आजीबाईंना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा नसतो. आपल्याला विलंब चालतो, खंड चालत नाही. तेव्हा बफर मोठा ठेवावा, १०२४ किंवा २०४८. एवढा एकच बदल निम्मे दुखणे घालवतो.

उरलेले काम यंत्राला एकाग्र करण्याचे आहे. मुद्रणापूर्वी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावे, इंटरनेट तोडल्यावर विषाणूरोधक थांबवावे, संगणक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या आज्ञावल्या काढून टाकाव्यात. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करण्याची सोय असते, ती बंद करून वेग स्थिर ठेवावा. मायक्रोफोनचा इंटरफेस थेट संगणकाच्या यूएसबी खाचेत लावावा, मध्ये जोडपट्टी नको. पैसे खर्चायचे असतील तर पहिले फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्यावर खर्चावेत, दुसरे मेमरी वाढविण्यावर; नवा प्रोसेसर लागतच नाही. ४८ हजार मापे आणि २४ बिट या दर्जाचे एका मायक्रोफोनचे मुद्रण सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट्स एवढेच असते. २०१०-१२चा कोणताही संगणक ते सहज पेलतो. त्याला अडवते ते बाकीचे ओझे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अटी असे पुष्कळ संगणक पूर्ण करीत नाहीत, म्हणून कार्यालयांतून ते निकाली निघत आहेत. त्यांवर लिनक्सची हलकी आवृत्ती घालून केवळ ध्वनिमुद्रणासाठी ते ठेवता येतात. काळाच्या काटेकोर बंधनात काम करण्याची व्यवस्था लिनक्सच्या मूळ गाभ्यात २०२४ साली, जवळजवळ वीस वर्षांच्या खटपटीनंतर, सामावली गेली, ही अशा वेळी उपयोगी गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दोन खास अडचणी कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली उन्हाची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. जुन्या लॅपटॉपचा पंखा धुळीने भरलेला असतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग घटवतो. नेमक्या त्याच वेळी घागर सांडते. शिवाय पंखा जोरात फिरू लागला की त्याचाही आवाज मुद्रित होतो. पंखा साफ करून घ्यावा, लॅपटॉप गादीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावा, मायक्रोफोन लांब वायरीने तीन-चार मीटर दूर न्यावा आणि उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री बसावे. दुसरी अडचण विजेची. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या गुड्यावर भूमिगत तार नसलेल्या दोन पिनांच्या प्लगातून येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण ध्वनिमुद्रणात उतरते. लॅपटॉप बॅटरीवर चालविला तर ही गुणगुण बहुधा नाहीशी होते. फक्त बॅटरीवर असतानाही वेग स्थिर राहील, अशी योजना आधी करून ठेवावी लागते.

एवढे केल्यावर चाचणी. दोन मिनिटांची चाचणी निरुपयोगी असते, कारण यंत्र दमते ते चाळिसाव्या मिनिटाला. टिकटिक करणारे भिंतीवरचे घड्याळ मायक्रोफोनसमोर ठेवून पूर्ण तासभर मुद्रण करावे आणि लहरींचे चित्र पाहावे. टिकटिकींमधले अंतर कुठे आखडले असेल तर ते डोळ्यांना दिसते. ऑडॅसिटीच्या अलीकडच्या आवृत्त्या तर मुद्रणात खंड पडल्याचे कळल्यास त्या जागी आपणहून खूणचिठ्ठी लावतात. ही चिठ्ठी पुसू नये. जुन्या प्रतीत ‘येथे अक्षरे गेली आहेत’ असे संपादक नोंदवतो, तिचे मोल तेवढेच आहे. मूळ फाइलवर गोंगाट काढण्याचे वगैरे कोणतेही संस्कार करू नयेत. ते नकलेवर करावेत. आणि जोडीला एक साधी वही असावी: सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, गुडा, तिथी, बैठक कोणत्या निमित्ताने झाली, कोणत्या यंत्रावर आणि किती बफरवर, कुठे खंड पडला. महानुभावांनी वासना नोंदवताना हेच केले होते.

लांबीचे बंधन संगणकानेही पुरते संपवलेले नाही. नेहमीच्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट आहे. वरच्या दर्जाच्या एका मायक्रोफोनच्या मुद्रणाला ती आठ तासांनी लागते, दोन मायक्रोफोन असले तर चार तासांनी. रात्रभर चालणाऱ्या परधानी गायनात ती लागणारच, तेव्हा फाइल कुठे तोडायची हे आपण ठरवावे, यंत्रावर सोडू नये. गाणारा मध्येच किकरीच्या तारा ताणून लावतो, तंबाखू मळतो, कोणाला तरी शेकोटीत लाकूड सारायला सांगतो. नवी फाइल तेव्हा सुरू करावी, आणि जुनी त्याचे ते बोलणे पुरे झाल्यावरच थांबवावी.