दाबोळीच्या पठारावर, अंधार पडल्यावर

पौड सोडून मुळशी धरणाच्या काठाकाठाने तुम्ही ताम्हिणी उतरलात, माणगावला मुंबई-गोवा रस्त्याला लागलात, आणि आता काळोख झाल्यावर बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमान संग्रहालयापाशी पोचलात. एरवी हे फाटक संध्याकाळीच बंद होतं. आजच्यापुरतं ते उघडं आहे असं धरा आणि आत या.

डोळे सरावू द्या. दिवसा इथं माणसं पाटी वाचतात, फोटो काढतात, पुढे सरकतात. रात्री पाट्या वाचता येत नाहीत, त्यामुळे आधी आकार अंगावर येतो. ते सगळ्यांत मोठं धूड बघा. शेपटीवर तीन उभी पाती, पोट माशासारखं वळलेलं, आणि नाकाखालचा पाय इतका उंच की खालून सरळ चालत जावं. ही लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, एकेका इंजिनाला अठरा सिलिंडर. एअर इंडियात असताना वेरूळचं नाव मिरवणारी ही ‘राणी ऑफ एलोरा’. मग ती वायुदलात गेली, तिथून नौदलात, आणि समुद्रावर पाळत ठेवता ठेवता म्हातारी झाली.

चाकावर हात ठेवा. रबर गार लागतं, बोटांना खारट ओल लागते. हात तसाच राहू द्या.

आता साल १९६१, डिसेंबरची १८ तारीख. पठार हेच, रात्रीची वेळ. सकाळी पुण्याहून भारतीय वायुदलाची बारा कॅनबेरा विमानं आली होती, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली. पाठोपाठ आणखी आठ आली. धावपट्टी निकामी करा, इमारतींना मात्र धक्का लावू नका, असा हुकूम होता, आणि तो अक्षरशः पाळला गेलाय. टर्मिनल जागच्या जागी आहे. धावपट्टीवर खड्डे आहेत. आणि एका कडेला, बॉम्बमधून वाचलेली, दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी आहेत. त्यांतलं एक डग्लस आहे. दुसरं तुम्ही अंधारातही ओळखता, कारण त्याच्या शेपटीवरही तीन पाती आहेत.

धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवलाय. सुपर कॉन्स्टेलेशनमधून जास्तीच्या खुर्च्या उपसून बाहेर फेकल्यात, वजन कमी व्हावं म्हणून. आत अधिकाऱ्यांची कुटुंबं बसलीत. कॅप्टन मानुएल कोर्रेया रेइस यांच्यापुढे जेमतेम सातशे मीटर वाट आहे. एवढ्या मोठ्या विमानाला ती फारच थोडी.

पहिलं इंजिन खोकतं, धूर ओकतं, धरतं. मग दुसरं. चारही लागली की छातीत धडधड बसते, कानांत नव्हे. या जातीच्या इंजिनांच्या नळकांड्यांतून रात्री ज्वाळा दिसतात. लपून निघालेल्या विमानाला त्या लपवता येत नाहीत. ब्रेक सुटतात. चाकांखालचे खडे उडून विमानाच्या पोटावर आदळतात. एक टायर जातो. पंचवीस भोकं पडतात. तरीही ते उठतं, पाण्याला लागून, अगदी खालून जातं आणि कराचीला पोचतं. डग्लसही मागोमाग निघतं.

तुम्ही पुण्याकडचे. सकाळी आलेली विमानं तुमची होती, आणि गोव्यातली पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षांची सत्ता उद्या संपावी असंच तुम्हाला मनापासून वाटतंय. तरी ती चाकं जमीन सोडेपर्यंत तुम्ही श्वास रोखून धरला होता. आत मुलं होती. या दोन्ही गोष्टी एकाच मनात मावतात, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना सहसा एका पानावर जागा मिळत नाही. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. पुढे दाबोळी नौदलाकडे आली आणि १९६४ मध्ये ‘आयएनएस हंसा’ हा तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून इथं हलला.

थोडं पुढे चला, सी हॉककडे. इतक्या लहान विमानात माणूस मावतो कसा असं वाटेल. इंजिन एकच, पण त्याचा झोत शेपटीतून न सुटता दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो; त्या जागी बोट फिरवून बघा. शेपटीखाली आकडा आहे, तो डेकवरच्या तारेत अडकला तरच उतरणं. ४ डिसेंबर १९७१ ला, युद्धात, विमानवाहू जहाज ‘विक्रांत’वरून ही विमानं कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला करायला गेली. ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता, म्हणून पुरेसा वेग घेता येत नव्हता. शेजारच्या आलिझे विमानाला उड्डाणासाठी डेकवर समोरून वारा हवा असतो, आणि तो बराचसा जहाजाच्या वेगातून मिळतो. तरीही आलिझे उडाली.

ती ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिचं संग्रहालय मुंबईत होतं, ते टिकवता आलं नाही. म्हणून या उघड्यावरच्या विमानांची मला काळजी वाटते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला आणि पोलादी खिळ्याला एकत्र खारी ओल लागली की पत्रा खिळ्याभोवती पांढरा पडून भुगा होऊ लागतो. कोकणचा पाऊस वर्षाचे चार महिने. निदान या राणीच्या डोक्यावर तरी छप्पर घाला, आणि वर्षातून काही रात्री फाटक खरोखर उघडं ठेवा. मुळशीहून माणसं येतील.